'अँजिओ क्लीन आहे' असं कळलं, त्यानंतरचे दिवस

मेंदूभोवती रक्तस्राव झालाय, पण तो कुठून झाला ते पहिल्या अँजिओग्राफीत, म्हणजे औषध सोडून काढलेल्या रक्तवाहिन्यांच्या फोटोत, सापडत नाही, अशा अवस्थेत आमच्या घराने जानेवारीचा दुसरा पंधरवडा काढला. त्या दिवसांत यांनी आणि माझ्या भावाने रात्र रात्र मोबाइलवर शोधाशोध केली. मराठीत लकव्याबद्दल भरपूर मिळालं, याबद्दल जवळपास काहीच नाही. म्हणून लिहायला बसले. मी डॉक्टर नाही, साताऱ्यात हायस्कूलला गणित शिकवते. पहिल्या दोन दिवसांतलं मला तुकड्या-तुकड्याने आठवतं, तिथे यांच्या डायरीवर विसंबले आहे. हे एमआयडीसीतल्या कंपनीत स्टोअर सांभाळतात, त्यामुळे तारीख, वेळ, रक्कम लिहून ठेवल्याशिवाय यांना झोप येत नाही. त्या सवयीला इतकी वर्षं हसले, पण या लेखातले आकडे तिथूनच आले आहेत.

12 जानेवारी 2025, रविवार. मंगळवारी संक्रांत होती, म्हणून सकाळी तीळ भाजून गुळाचा पाक गॅसवर ठेवला होता. साडेदहा वाजले असतील. मला कॉलेजपासून मायग्रेन आहे. त्याची चाहूल, त्याचं हळूहळू चढणं मला पाठ आहे. हे तसं चढत आलं नाही. आलं तेच पुरतं आलं, मानेच्या मागून वर, एका झटक्यात. मी सासूबाईंना "गॅस बंद करा" म्हटलं आणि ओट्याला धरून खाली बसले. मग उलट्या. खिडकीतला उजेड सोसेना, मान पुढे वाकवता येईना. सासूबाई म्हणाल्या पित्त असेल, कोकम सरबत देते. यांनी घरातल्या मशीनवर बीपी बघितलं, ते 184/102 भरलं. बीपीची गोळी चालू असताना हा आकडा बघून यांनी सरळ रिक्षा बोलावली.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. 'आयुष्यात कधी दुखलं नाही असं' डोकं क्षणात दुखायला लागलं, तर घड्याळात वेळ बघून ठेवा. साताऱ्यातल्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी 'नेमकं किती वाजता?' हेच विचारलं. पहिल्या सहा तासांत चांगल्या मशीनवर साधा सीटी स्कॅन केला तर असा रक्तस्राव जवळजवळ नेहमीच दिसतो. जसजसे दिवस जातात तसं रक्त विरत जातं आणि सीटी स्वच्छ येऊ शकतो. मग पाठीतून पाणी काढून तपासावं लागतं. माझा सीटी पावणेएकला झाला, खर्च 2,800 रुपये. मेंदूच्या तळाशी पाणी असतं त्या जागा एरवी काळ्या दिसतात, माझ्या पांढऱ्या दिसत होत्या. रिपोर्टवर लिहिलं होतं, सबअरॅक्नॉइड हॅमरेज. मेंदूवरच्या पातळ आवरणाखाली झालेला रक्तस्राव.

डॉक्टरांनी पुण्याला हलवायला सांगितलं. ऑक्सिजन आणि डॉक्टर असलेली खासगी अँब्युलन्स 8,500 रुपयांना मिळाली. 108 ला आधी फोन केला होता. ती गाडी नुकतीच दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. खंबाटकीचा बोगदा लागला तेव्हा अंधार झाल्यामुळे मला बरं वाटलं होतं, वाटेतलं तेवढंच आठवतं.

पुण्यात त्याच रात्री सीटी अँजिओ झाला. हाताच्या शिरेतून औषध सोडून डोक्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो घेतात. त्यात काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी भोगी, सोमवार, 13 तारीख. त्या दिवशी डीएसए केला. यात जांघेतून बारीक नळी घालून ती थेट मानेतल्या रक्तवाहिन्यांपर्यंत नेतात आणि प्रत्येकीत वेगळं औषध सोडून चित्र घेतात. या तपासणीवर कुणी वाद घालत नाही, इतकी ती पक्की मानतात. त्यातही काही दिसलं नाही.

यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, 'अँजिओ क्लीन आहे.' हात जोडलेले, फुलं, देवाची चित्रं असा पाऊस पडला. नणंद म्हणाली, नवसाचा नारळ फोडून येते. संध्याकाळी डॉक्टर यांच्याशी बोलायला बाहेर आले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याची भावना नव्हती. ते म्हणाले, "रक्त आहे म्हणजे ते कुठून तरी आलंय. आम्हाला अजून ती जागा दिसली नाही, एवढाच याचा अर्थ."

नंतर मला हे सगळं नीट समजावून सांगण्यात आलं, आणि या लेखातलं माझ्या मते सगळ्यात कामाचं आहे ते हेच. मार न लागता असा रक्तस्राव होतो तेव्हा शंभरातल्या साधारण 85 जणांत कारण असतं रक्तवाहिनीला आलेला फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, फुटणं. उरलेल्या 15 जणांत पहिल्या अँजिओत काही सापडत नाही. पण या पंधरा जणांना एकाच पारड्यात टाकून चालत नाही. त्यांच्यातल्या साधारण दहा जणांत रक्त मेंदूच्या मधल्या देठाच्या पुढे, एका ठरावीक जागी जमलेलं असतं. हा प्रकार बराच सौम्य. बहुतेकदा तो शिरेतून झिरपलेल्या रक्ताचा असावा असं मानतात, आणि अशा पेशंटना पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती फार कमी. राहिलेल्या जणांत रक्त सगळीकडे पसरलेलं असतं, अगदी फुगा फुटल्यावर दिसतं तसं. माझ्या सीटीत रक्त दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या फटीत पुढच्या बाजूला जास्त होतं. म्हणजे अँजिओ काही म्हणो, सीटी पुढे बोट दाखवत होता.

म्हणून कुणाला 'काही सापडलं नाही' असं सांगितलं गेलं, तर पुढचा प्रश्न हा विचारा: पहिल्या सीटीत रक्त कुठे आणि कसं पसरलं होतं? डॉक्टर किती निश्चिंत आहेत किंवा किती सावध आहेत, ते या उत्तरावर ठरतं.

मग फुगा असून दिसत कसा नाही? मलाही तेच कोडं होतं. फुटलेल्या फुग्यात रक्ताची गुठळी अडकून बसली तर औषध आत शिरतच नाही, आणि चित्रात तेच उमटतं जिथे औषध पोचतं. रक्तस्रावानंतर आजूबाजूच्या वाहिन्या आकसतात, तेव्हाही फुग्याचं तोंड मिटल्यासारखं होतं. काही फुगे इतके लहान असतात की दोन वाहिन्या एकमेकींवरून जातात तिथे ते झाकले जातात. पुढच्या बाजूला दोन धमन्यांना जोडणारी एक आखूड वाहिनी आहे, तिथे अशी गल्लीबोळांची गर्दी असते, आणि डॉक्टरांचा संशय तिथेच होता. त्यांनी सांगितलं की गुठळी विरायला आणि वाहिन्या सैल पडायला वेळ देऊ, साधारण दहा-बारा दिवसांनी पुन्हा डीएसए करू. मध्ये बुधवारी मेंदूचा आणि मानेतल्या मज्जारज्जूचा एमआरआय झाला, कारण क्वचित रक्त खालून, मणक्यातल्या वाहिनीतून वर आलेलं असतं. तोही स्वच्छ. 14,000 रुपये.

ते मधले दिवस मला तपासण्यांपेक्षा जड गेले. फुगा असेल तर तो पुन्हा फुटू शकतो, आणि दुसऱ्यांदा फुटला तर फार वाईट, हे माहीत असताना पडून राहायचं. आयसीयूत दर तासाला सिस्टर यायची. डोळ्यांत टॉर्च, मग "ताई, नाव सांगा. आपण कुठे आहोत? कोणता महिना? दोन्ही हात वर करा, माझी बोटं दाबा." रात्री तीनलाही हेच. एकदा मी वैतागून सतराचा पाढा म्हणून दाखवला. ती हसली आणि तरीही बोटं दाबून घेतलीच. तो छळ वाटतो, पण चौथ्या ते चौदाव्या दिवसात मेंदूच्या वाहिन्या आकसून लकवा होऊ शकतो. त्याची पहिली खूण अशी बोलण्यात किंवा हाताच्या जोरातच दिसते.

त्यासाठीच निमोडिपिन नावाची गोळी असते, 60 मिलिग्रॅम दर चार तासांनी, 21 दिवस. रात्री दोनची आणि सहाचीसुद्धा चुकवायची नाही. तिने बीपी खाली जातं, म्हणून गोळीआधी बीपी बघतात. माझं दोनदा खूप उतरलं, तेव्हा गोळी निम्मी करून दर दोन तासांनी दिली. रक्तातलं सोडियमही रोज तपासायचे. ते कमी झाल्यावर मिठाच्या कॅप्सूल सुरू झाल्या. शौचाला जोर करायचा नाही म्हणून रात्री पातळ औषध. वॉर्डातल्या मावशी केस विंचरून द्यायच्या. आयसीयूत पास एकच, सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास. मुलीची बारावीची परीक्षा 11 फेब्रुवारीला सुरू होणार होती. तिला मी येऊ नको म्हटलं आणि ती दर रविवारी आलीच.

आता कागदांचं. यांच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम पाच लाखांचा, कॅशलेस. पहिली मंजुरी विनासायास आली. दुसऱ्या डीएसएची विनंती गेली तेव्हा टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेकडून, क्वेरी आली: हीच तपासणी 13 जानेवारीला झाली आहे, रिपोर्ट नॉर्मल आहे, मग पुन्हा कशासाठी? गुरुवारी 23 तारखेला दुपारी ही क्वेरी आली आणि तपासणी शुक्रवारी सकाळची. आमचे डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये. इन्शुरन्स डेस्कवरचा मुलगा म्हणाला, मंजुरी नाही आली तर 25,000 रोख भरा, नंतर बघू. हे तिथेच बसून राहिले. शेवटी रेसिडेंट डॉक्टरांनी लेटरहेडवर पत्र लिहिलं: सीटीमध्ये रक्ताचं स्वरूप फुग्याचं आहे, पहिली अँजिओग्राफी नकारात्मक असली तरी अशा पेशंटमध्ये ती पुन्हा करणं हीच प्रचलित पद्धत आहे, गुठळीमुळे फुगा झाकला जाऊ शकतो. सोबत सीटीचा आणि पहिल्या डीएसएचा रिपोर्ट. सही घ्यायला हे थिएटरच्या दाराशी उभे. रात्री साडेआठला मंजुरीचा मेसेज आला. तुमच्यावर ही वेळ आली तर दुसरी तपासणी ठरली त्याच दिवशी हे पत्र लिहून घ्या, क्वेरीची वाट बघू नका.

शुक्रवार, 24 जानेवारी. मध्यरात्रीपासून पोटात काही नाही, क्रिअ‍ॅटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट फाइलला लावलेला, जांघेतले केस काढलेले, संमतीपत्रावर सह्या. त्यात लकव्याचा धोका लिहिलेला असतो. आमच्या डॉक्टरांनी तो शंभरात एकाहून कमी असल्याचं सांगितलं. पहिल्या वेळी मी गुंगीत होते, या वेळी पूर्ण जागी. ही तपासणी करतात ती खोली, कॅथलॅब, गारठून टाकते, अंगावर दुसरी चादर मागून घ्या. जांघेत भूल दिली तेवढी टोचली. नळी पुढे सरकते ते जाणवत नाही. डोकं एका खोलगट उशीत पट्टीने बांधलेलं. मग आवाज येतो, "श्वास रोखा, हलू नका, गिळू नका," आणि औषध आत येतं. ते मी विसरणार नाही. अर्ध्या चेहऱ्यावर, डोळ्याच्या मागे, दातांच्या मुळांत कढत काहीतरी पसरतं आणि आठ-दहा सेकंदांत निवतं. ज्या बाजूच्या वाहिनीत औषध, त्याच बाजूला. मानेच्या मागच्या वाहिन्यांत सोडलं तेव्हा मिटल्या डोळ्यांपुढे रुपेरी ठिणग्या उडाल्या. त्यानंतर मशीनचा हात डोक्याभोवती गर्रकन फिरून आला. ते त्रिमितीय चित्र. यात वाहिन्या संगणकावर हव्या त्या बाजूला वळवून बघता येतात. ही अँजिओग्राफीची मूळ कल्पना 1927 साली लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी काढली, असं मी घरी आल्यावर वाचलं. तेव्हा लोकांनी हे कसं सोसलं असेल देव जाणे.

काचेपलीकडे एकदम शांतता झाली आणि मग दोन-तीन जण एकाच स्क्रीनपाशी आले. मला कळलं. डॉक्टर आत येऊन म्हणाले, "सापडला. ज्वारीच्या दाण्याहून लहान आहे." साधारण 3 मिलिमीटर, त्याच जोडवाहिनीच्या कोपऱ्यात, जवळच्या फांदीच्या आडोशाला. मला आधी हायसं वाटलं, मग थोड्या वेळाने कॉटवर आणल्यावर अंगाला कंप सुटला. सिस्टर तोवर जांघेवर दाबून बसली होती, वीस मिनिटं. पुढे सहा तास पाय सरळ, वाकवायचा नाही. त्या सहा तासांची तयारी म्हणून आधी लघवीला जाऊन या आणि पाणी प्यायला वाकडी होणारी स्ट्रॉ जवळ ठेवा.

फुगा बंद करायचे दोन रस्ते. कवटी उघडून फुग्याच्या मानेशी चिमटा लावायचा, तो क्लिप; किंवा त्याच नळीच्या रस्त्याने आत जाऊन प्लॅटिनमच्या केसासारख्या तारेची वेटोळी भरायची, ते कॉइल. 2002 मध्ये 2,143 पेशंटवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. दोन्ही उपाय चालण्यासारखे असतील तेव्हा वर्षभरानंतर कॉइलवाल्यांची स्थिती जास्त बरी, असं त्यात निघालं. पण प्रत्येक फुग्याला कॉइल बसत नाही, रुंद तोंडाच्या फुग्यात तार टिकत नाही. माझ्याचं तोंड अरुंद होतं. न्यूरोसर्जन आणि कॉइल करणारे डॉक्टर असे दोघेही आमच्याशी बोलले, तेव्हा मला बरं वाटलं. तुम्हीही दोघांशी बोलायला मागा. शनिवारी 25 तारखेला पूर्ण भूल देऊन दोन कॉइल बसवल्या. जाग आल्यावर सिस्टरने पुन्हा महिना विचारला.

31 जानेवारीला डिस्चार्ज मिळाला. निमोडिपिनचे अजून दोन दिवस राहिले होते आणि ती गोळी आमच्याकडच्या पहिल्या तीन मेडिकलमध्ये नव्हती. उरलेल्या गोळ्या निघतानाच घेऊन ठेवा. पुण्याचं बिल झालं 6,87,000. विम्याचे पाच लाख संपले. मग कंपनीच्या एचआरने 'कॉर्पोरेट बफर' म्हणून एक राखीव रक्कम असते ते सांगितलं, त्यातून 1,20,000 मंजूर झाले. बाकीचे 67,000 आम्ही भरले. त्यात जवळपास निम्मे ग्लोव्हज, डायपर, असल्या विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे. बफरची माहिती पॉलिसीच्या कागदावर कुठेच ठळक नसते, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. ज्यांच्याकडे असा विमा नाही त्यांनी दाखल होतानाच हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते विचारावं आणि असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला गाठावं. रेशन कार्ड आणि आधार घरून मागवून घ्यावं. आमचं हॉस्पिटल योजनेत नव्हतं.

घरी आल्यावर महिना-दीड महिना थकव्याचा होता. भाजी चिरून झाली की झोप. तिसऱ्या आठवड्यात कुणी मोठ्याने बोललं की रडू यायचं. डॉक्टरांनी हे होतं म्हणून आधी सांगितलं असतं तर यांना कमी काळजी लागली असती. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा रुजू झाले, पहिला महिना फक्त सकाळचे तास घेऊन. मुलीचीही तपासणी करायची का, असं मी विचारलं होतं. घरात एकालाच फुगा असेल तर सहसा सगळ्यांची तपासणी करत नाहीत, सख्ख्या नात्यात दोघांना असेल तर करतात, असं उत्तर मिळालं. बीपी ताब्यात ठेवायचं आणि विडी-सिगारेटपासून लांब राहायचं, हे सगळ्यांनाच. माझ्या दिराने त्यानंतर सिगारेट सोडली, निदान आमच्यासमोर तरी.

जुलैमध्ये सहा महिन्यांची तपासणी झाली, या वेळी नळीवाली नाही, एमआर अँजिओ, म्हणजे एमआरआय मशीनवर काढलेले रक्तवाहिन्यांचे फोटो. कॉइल जागच्या जागी, फुग्यात रक्त शिरत नाही. एमआरआयच्या खोलीबाहेर तंत्रज्ञाने कॉइलचं कार्ड मागितलं. प्लॅटिनमच्या कॉइलला एमआरआय सहसा चालतो, पण कोणत्या कंपनीची, कोणत्या मापाची ते कागदावर दाखवल्याशिवाय ते आत घेत नाहीत. डिस्चार्जच्या फाइलमध्ये कॉइलच्या पाकिटावरचे स्टिकर चिकटवलेले असतात. त्याची झेरॉक्स आणि फोटो, दोन्ही ठेवा. विम्यालाही तेच लागतात. जुन्या डीएसएची सीडीही तुलनेसाठी मागतात. ती हॉस्पिटलमधून घेताना तिथल्याच संगणकावर लावून बघा. आमची पहिली कोरी निघाली होती.